काँक्रीटची पायवाट दरवर्षी का तडकते? नाशिकचे ऊन, काळी माती आणि भेगांचे समस्या निवारण

बंगल्याभोवतीची, सोसायटीच्या आवारातली किंवा मळ्यातल्या घरापासून गोठ्यापर्यंत गेलेली चार फुटी काँक्रीटची पायवाट. मार्च-एप्रिलमध्ये ओतली, मेमध्ये भेगा दिसल्या, सिमेंटचा घोळ ओतून बुजवल्या. पाऊस गेला, पुढचा उन्हाळा आला आणि त्याच जागी पुन्हा त्याच भेगा. मग दोष सिमेंटच्या कंपनीवर जातो, नाहीतर मिस्त्रीवर. सिमेंट क्वचितच दोषी असते. मिस्त्री कधीकधी असतो, पण बहुतेकांना वाटते त्या कारणासाठी नाही.

पायवाट एकतर वरून बिघडते किंवा खालून. वरून म्हणजे ऊन, कोरडा वारा, मालातले जादा पाणी आणि अपुरे क्युरिंग, म्हणजे ओतल्यावर काँक्रीट पुरेसे दिवस ओले न ठेवणे. खालून म्हणजे काळी माती, कच्चा भराव, पाइपाची गळती, झाडाची मुळे. हे ठरवल्याशिवाय केलेली दुरुस्ती एका ऋतूपलीकडे टिकत नाही.

लक्षणे

समोर काय दिसते ते आधी नीट बघा. एकाच पायवाटेत दोन-तीन प्रकार एकत्रही सापडतात.

- ओतल्याच्या दिवशीच, संध्याकाळपर्यंत पडलेल्या तिरप्या, एकमेकींना समांतर भेगा. अंतर एक ते तीन फूट, आणि बहुधा कडेपर्यंत न पोचलेल्या. ओला माल वाऱ्याने वरून सुकल्याची ही खूण.
- कासवाच्या पाठीसारखी बारीक रेषांची जाळी. पाणी शिंपडून पृष्ठभाग वाळू दिला की रेषा काळ्या उठून दिसतात. खोली नगण्य, दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी.
- एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली सरळ आडवी भेग, ओतल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. सांधे, म्हणजे भेग ठरलेल्या जागीच पडावी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या खाचा, नाहीत किंवा लांब लांब आहेत.
- चेंबरच्या झाकणाच्या किंवा पायरीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग.
- लांबीच्या दिशेने धावणारी भेग, मधोमध किंवा कडेपासून फूट-दीड फूट आत. एप्रिल-मेमध्ये रुंद होते, श्रावणात जवळजवळ मिटते. खाली काळी माती आहे असे समजा.
- शेजारच्या दोन तुकड्यांत पायरी पडणे. एक खचला किंवा दुसरा उचलला गेला.
- रोज झाडू मारला तरी रोज राखाडी पावडर निघणे.
- सांध्याच्या कडा फुटणे, दुपारी तुकडे एकमेकांवर रेटल्यासारखे दिसणे, टोकाला कंपाउंडच्या भिंतीला तडा.
- देवीच्या व्रणांसारखे उथळ खड्डे आणि उघडी पडलेली खडी. ओल्या मालावर वळवाचा पाऊस पडलेला असतो.

पांढरे क्षार फुटलेले दिसले तर तेवढ्याने घाबरू नका. बोअरचे जड पाणी किंवा खालची ओल वर येऊन वाळते आणि क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडा. महिनाभरात पुन्हा दाट फुटले तर ओल कुठून येते ते शोधायला लागा.

तपासणी: आधी फुकटची, मग पैशांची

*१. तारखा जुळवा.* खर्च शून्य, आणि निम्मा निकाल इथेच लागतो. पायवाट कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी ओतली? भेग पहिल्यांदा कधी दिसली? पहिल्या २४ तासांत दिसली असेल तर मातीचा संबंध नाही, कारण वरून आहे. पहिल्या पावसानंतर दिसली असेल तर भराव किंवा माती. दोन-तीन महिन्यांत, कोरड्या हवेतच दिसली असेल तर आकुंचन आणि सांध्यांची कमतरता. सोसायटीत जुने फोटो कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये सापडतातच, ते मागून घ्या.

नाशिक वाळवंट नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी ओल्या काँक्रीटला तो फरक कळत नाही. पारा चाळिशीला टेकतो, दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि वारा असतो. पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे सुमारे १ लिटर पाणी उडायला लागले की ओला माल तडकण्याचा धोका सुरू होतो. आतून वर येणारे पाणी एवढ्या वेगाने येत नाही. वरचा थर आक्रसतो, खालचा अजून मऊ असतो, आणि त्या ओढाताणीत वरचा थर फाटतो. पारा ३५ असला तरी वारा जोराचा असेल तर हे घडते. म्हणून नुसते तापमान बघून निर्धास्त होऊ नये.

*२. भेग मोजा.* एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. कार्ड भेगेत शिरत नसेल आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर ती भेग सोडून द्या. शिरत असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खिळे ठोका किंवा मार्करने दोन टिंबे काढा, अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. हेच अंतर मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजायचे. अंतर बदलले तर भेग चालती आहे, न बदलले तर मेलेली. दोन्हींचे औषध वेगळे. चालत्या भेगेत इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारे चिकट रसायन, भरले तर शेजारी नवी भेग पडते. मेलेल्या भेगेत महागडे लवचीक सीलंट भरणे म्हणजे फुकटचा खर्च.

*३. खिळा, हातोडी, बादलीभर पाणी.* पृष्ठभागावर खिळ्याने जोर देऊन ओरखडा काढा. पांढरी रेघ उठली तर ठीक. दीड-दोन मिलिमीटरची चर पडली तर वरचा थर कच्चा आहे. माल पातळ होता, किंवा वर आलेल्या पाण्यावरच कोरडे सिमेंट भुरभुरून रंधा फिरवला होता, किंवा पाणी मारलेच नाही. मग हलक्या हातोडीने फूट-फुटावर ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्येच ढबढब आवाज आला तर तिथे वरचा थर सुटला आहे किंवा खाली पोकळी आहे. खडूने गोल करून ठेवा.

आता बादलीभर पाणी ओता. पाणी इमारतीकडे वाहत असेल किंवा मधे डबके साचत असेल तर ढाळ चुकला आहे. आडवा ढाळ ५० ला १ हवा, म्हणजे १.२ मीटर रुंदीत २४ मिलिमीटर, आणि तो जोत्यापासून बाहेरच्या बाजूला. साचलेले पाणी भेगेतून मातीत जाते आणि वरचा साधा दोष खालच्या मोठ्या दोषात बदलतो.

*४. सांधे.* टेप लावा. पायवाटेची जेवढी रुंदी, साधारण तेवढ्या अंतरावर आडवा सांधा हवा. फार तर रुंदीच्या दीडपट. चार फुटी वाटेत सहा फुटांच्या आत सांधा नसेल तर काँक्रीट स्वतःच भेग पाडून घेते. खोलीही मोजा, काडी घालून. जाडीचा पाव भाग हवा, म्हणजे चार इंची स्लॅबला एक इंच. दोरी दाबून किंवा थापीच्या टोकाने ओढलेल्या पाच मिलिमीटरच्या नक्षीदार रेघा म्हणजे सांधे नव्हेत. भेग त्यांना जुमानत नाही, शेजारून जाते. नाशिकमधल्या आवारांत हा दोष फार आढळतो आणि जवळजवळ कधीच लक्षात घेतला जात नाही.

पायवाट जोत्याला, चेंबरला, फाटकाच्या खांबाला जिथे भिडते तिथे फट आहे का? काँक्रीट एका अंशाला दर मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते. मेमधली तापलेली दुपार आणि पहाट यांत ३० अंशांचा फरक धरला तर १० मीटरची वाट ३ मिलिमीटर पसरते. तेवढी जागा दिली नसेल तर कडा फुटतात, नाहीतर भिंत ढकलली जाते.

*५. पाणी कुठून येते?* गच्चीचा पाइप पायवाटेच्या कडेला सुटलाय का? पागोळ्या थेट कडेवर पडतात का? एका बाजूला लॉन आणि दुसरी बाजू कोरडी असेल तर एका बाजूची माती फुगलेली आणि दुसरीकडची आक्रसलेली, मग मधोमध भेग ठरलेली. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, पहाटे पुन्हा बघा. काटा हलला असेल तर जमिनीखालची नळी गळते आहे. कडुनिंब, गुलमोहर, वड-पिंपळ जवळ असेल तर उचललेल्या तुकड्याखाली मूळ असण्याची शक्यता मोठी. मूळ तोडण्याची घाई नको. जाड मूळ तोडलेले झाड वादळात पडते, आणि शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

*६. पातळी.* पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी वापरतात त्याच पद्धतीने, जोत्यावरच्या एका कायमच्या खुणेपासून प्रत्येक तुकड्याच्या चारही कोपऱ्यांची पातळी घ्या. दोन माणसे आणि तासभर लागतो. खचलेला पट्टा आडवा आणि दोन फूट रुंद असेल तर खाली पाइपाचा चर आहे आणि तो भरताना धुम्मस केले नाही. सगळी कड सारखी उचलली असेल तर काळी माती. शेजारच्या तुकड्यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी असेल तर ठेच लागते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात ही गोष्ट आधी दुरुस्त करा, भेगा नंतर.

*७. कडेला खड्डा.* इथून पुढे मजुरीचा खर्च आहे. पायवाटेला लागून दोन फूट लांब, दीड फूट खोल खड्डा घ्या. वीज, पाणी, गॅसची लाइन कुठून गेली आहे हे माहीत नसेल तर खोदू नका. स्लॅबची जाडी मोजा. चार इंच सांगितलेली वाट अडीच इंचांची निघणे अजिबात दुर्मीळ नाही, विशेषतः मधल्या भागात, जिथे मुरूम उंच राहिलेला असतो. खाली मुरूम आहे का, किती, आणि पहार मारली की आत सहज जाते का? दाबलेल्या मुरमात पहार अडते, नुसत्या टाकलेल्यात बुडते. लोखंडी जाळी घातली असेल तर ती कुठे आहे ते बघा. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी. बहुतेक ठिकाणी ती तळाशी, मातीला चिकटलेली सापडते. तशी जाळी म्हणजे भंगारात घातलेले पैसे.

*८. माती.* आडगाव, मखमलाबादकडच्या पूर्वीच्या शेतांवर पडलेल्या प्लॉटांत काळ्या मातीची शंका आधी घ्यायची. टेकड्यांच्या बाजूला मुरूम वर असतो. पण एकाच प्लॉटच्या दोन टोकांना दोन प्रकार निघतात, त्यामुळे परिसराच्या नावावर विसंबू नका. मेमध्ये आवारातल्या उघड्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात का आणि पावसात चप्पल उचलत नाही इतकी ती चिकटते का, एवढ्यावरून अंदाज येतो. खात्री हवी तर मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये 'फ्री स्वेल इंडेक्स' काढून घ्या. वाळलेली, चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. दोन्ही आकारमानांतला फरक ५० टक्क्यांच्या वर गेला की माती त्रास देणारी.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी मिस्त्रीच्या किंवा घरमालकाच्या हातातल्या नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल:

- पायवाटेतली भेग जोत्यात, भिंतीत किंवा कंपाउंडमध्ये पुढे गेली आहे.
- ढबढब आवाजाखाली पोकळी निघाली आणि पहार फूटभर आत गेली. जवळपास ड्रेनेज, सेप्टिक टँक किंवा जुनी विहीर असेल तर त्या भागात माणसांचे चालणे आधी बंद करा.
- पायवाट प्रत्यक्षात पाण्याच्या टाकीचा किंवा सेप्टिक टँकचा स्लॅब आहे, आणि भेगेतून गंजाचे डाग उतरले आहेत.
- वाट उताराच्या कडेने किंवा रिटेनिंग वॉलच्या डोक्यावरून जाते आणि भेग उताराला समांतर आहे.
- चालण्यासाठी केलेल्या वाटेवरून आता पाण्याचा टँकर नेतात.

गळती सापडली तर आधी प्लंबर, काँक्रीट त्यानंतर. ठेकेदाराशी मालाच्या ग्रेडवरून वाद असेल तर खिळ्याच्या ओरखड्यावर भांडू नका. लॅबकडून कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेला गोल नमुना, काढून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको.

दुरुस्ती

सर्वात लोकप्रिय उपाय म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ वरून ओतणे, आणि तोच सर्वात निरुपयोगी. घोळ वाळताना स्वतः आक्रसतो, भेगेच्या कडेला चिकटत नाही आणि पहिल्या उन्हात पापडासारखा सुटतो. तसेच संपूर्ण वाटेवर अर्ध्या इंचाचा सिमेंट-वाळूचा थर देणे. खालची प्रत्येक भेग त्यातून वर येते, वर नव्या पडतात त्या वेगळ्या.

मेलेली भेग: ग्राइंडरने ६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर खोल चर करा, धूळ ब्लोअरने पूर्ण काढा, पातळ इपॉक्सी भरा. आत ओल असेल तर बहुतेक इपॉक्सी धरत नाही, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत. कटिंगची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. मास्क लावा, पाणी सोडत कापा आणि मग पूर्ण वाळू द्या.

चालती भेग: चर १० ते १२ मिलिमीटर रुंद. तळाशी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलीसल्फाइड सीलंट रुंदीच्या निम्म्या जाडीचे भरा. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटते, तिन्ही बाजूंनी ओढले जाते आणि फाटते. काळ्या मातीवरच्या वाटेत वेळ निवडणे सीलंटच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचे. मेमध्ये भेग सर्वात रुंद असते, तेव्हा भरले तर पावसाळ्यात सीलंट पिळून बाहेर येते. ऑगस्टमध्ये भरले तर एप्रिलमध्ये तुटते. नोव्हेंबर ते जानेवारी योग्य.

सांधे नसल्यामुळे पडलेली आडवी भेग असेल तर ती भेगच आता सांधा आहे असे धरून सीलंट भरा. उरलेल्या लांबीत कटरने नवे सांधे कापा, पाव जाडीपर्यंत. जोत्याकडेला १२ मिलिमीटरची फट कापून त्यात फिलर बोर्ड आणि वर सीलंट.

पावडर सुटत असेल आणि कच्चा थर दोन मिलिमीटरपर्यंतच असेल तर मशीनने घासून काढा, धुवा, वाळू द्या आणि सिलिकेट हार्डनरचे दोन हात द्या. ओरखडा त्याहून खोल जात असेल तर हार्डनरवर पैसे घालवू नका. कच्चा थर फोडून किमान ४० मिलिमीटरचा, जुन्या काँक्रीटला नीट चिकटवलेला नवा थर द्यावा लागतो. तेवढी उंची दरवाज्यापाशी मिळत नसेल तर तो तुकडा पूर्ण काढणेच बरे.

खचलेला तुकडा: सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण कापून काढा. मधे अर्धवट कापलेला तुकडा पुन्हा कोपऱ्यातून तडकतो. खालचा चर मुरमाने १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरा आणि मग ओता.

काळ्या मातीने वर्षानुवर्षे हलणारी वाट मात्र दुरुस्त करत बसू नये. दोन पर्याय आहेत. एक, ४५ सेंटिमीटर काळी माती काढून मुरूम भरणे. दुसरा, काँक्रीट सोडून ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवणे. ब्लॉक हलतात, पण तुटत नाहीत, आणि दर दोन-तीन वर्षांनी खचलेला भाग उचलून वाळू सारखी करून परत बसवता येतो. घरापुढची वाट गुळगुळीत हवी म्हणून लोक ब्लॉकला नाके मुरडतात, पण जिथे बोट जाईल अशा भेगा पडतात तिथे ब्लॉकच शहाणपणाचे.

तुकडा नव्याने ओतताना

१० मीटर लांब, १.२ मीटर रुंद, १०० मिलिमीटर जाडीच्या वाटेला १.२ घनमीटर काँक्रीट लागते. एम २० ग्रेडसाठी १:१.५:३ या प्रमाणात सिमेंट १० गोण्या, वाळू १८ घनफूट, खडी ३६ घनफूट. खाली १५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम, दोन्ही बाजूंना अर्धा फूट बाहेर काढून, म्हणजे साधारण एक ब्रास. माप घमेल्यावर सोडू नका, ३५ लिटरचा फर्मा करून घ्या. घमेले कधी शिगोशीग भरते, कधी सपाट.

पाणी गोणीमागे २५ ते २७ लिटर, आणि ३० च्या वर कधीही नाही. ओल्या वाळूतले पाणीही यातच धरायचे. उन्हात माल लवकर कडक होतो आणि मजूर डबा ओततो. सगळे बिघडते ते त्या डब्याने. गोणीमागे पाच लिटर जास्त म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा ताकद गेली, आणि पावडर सुटणार हे नक्की झाले. माल ओढत नसेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरा. रेडीमिक्सच्या गाडीत तर साइटवर पाणी घालूच देऊ नका, आणि भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी.

ऊन टाळायचे तर आधी खडी गार करा. काँक्रीटमध्ये वजनाने सर्वात जास्त खडी-वाळू असते. ती २ अंशांनी गार झाली की काँक्रीट जवळपास १ अंशाने उतरते. पाणी तेवढ्यासाठी ४ अंशांनी गार करावे लागते आणि सिमेंट ८ अंशांनी. खडीचा ढीग सावलीत ठेवून आदल्या संध्याकाळपासून पाणी शिंपडा आणि त्या पाण्याचा हिशेब मिक्सरमध्ये वजा करा. टाकीचे पाणी गच्चीवरचे नको, जमिनीखालच्या टाकीतले घ्या.

एप्रिल-मेमध्ये ओतायला संध्याकाळी पाचनंतरची वेळ बरी, कारण सिमेंटची स्वतःची उष्णता रात्रीच्या गारव्यात निघते. पहाटे सुरू केले तर काम आठ-नऊपर्यंत संपले तरी कोवळा माल दुपारच्या तोंडी सापडतो. संध्याकाळचा एकच धोका म्हणजे वळीव. प्लास्टिकचा कागद आणि तो दाबायला विटा आधीच जवळ ठेवा. मुरूम ओला करा, पण डबके नको. कोरडा मुरूम मालातले पाणी शोषतो.

ओतून पाटा फिरवला की वर पाणी चमकते. ते उडेपर्यंत रंधा नको आणि वर कोरडे सिमेंट तर मुळीच नको. वारा असेल तर मधल्या काळात प्लास्टिक टाकून ठेवा, किंवा फवाऱ्याने धुक्यासारखे पाणी उडवा. १२ मिलिमीटरचे पॉलिप्रॉपिलीन फायबर गोणीमागे १२५ ग्रॅम टाकले तर पहिल्या दिवसाच्या भेगा बऱ्याच कमी होतात. पुढच्या काळातल्या आकुंचनाच्या भेगा त्याने थांबत नाहीत, त्यासाठी सांधेच लागतात. शेवटचा हात झाडूचा द्या, आडवा. गुळगुळीत वाट पावसात घसरते.

सांधे कटरने कापायचे असतील तर उन्हाळ्यात चार ते बारा तासांच्या आत. कापताना कडेची खडी उपटून आली तर अजून तासभर थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी कटर आणणाऱ्याने येऊच नये, तोवर भेगा पडून गेलेल्या असतात. छोट्या कामात एक सोडून एक तुकडा ओतणे सर्वात खात्रीचे.

क्युरिंगबद्दल आयएस ४५६ स्पष्ट आहे. उष्ण कोरड्या हवेत साध्या ओपीसी सिमेंटला किमान १० दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) १४. बाजारात घरगुती कामांना मिळते ते बहुतेक पीपीसी, म्हणून १४ धरा. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणे म्हणजे क्युरिंग नव्हे. तसे ओले-कोरडे होत राहण्याने पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी पडते. मातीची आळी करून पाणी साठवा, किंवा बारदाने ओली करून वर प्लास्टिक टाका. मधल्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर विहिरीचे गार पाणी एकदम ओतू नका.

चालायला २४ तासांनी हरकत नाही, बारदाने न हलवता. दुचाकी सात दिवसांनी. फळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या तरी चालतात, पण उघड्या पडलेल्या कडांनाही तेच बारदान लावा. कडा सर्वात आधी सुकतात.